दोन कागद, एक शिक्का

त्सुबामे, ११ सप्टेंबर

चिनात्सु,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. तुझ्या आईला त्या छान जमायच्या. मला येत नाहीत, म्हणून सोडून देतो. ऊन आहे, एवढंच.

कारखाना जूनमध्ये बंद झाला. चौतीस वर्षं मी तिथं चमचे घासून चकचकीत केले आणि शेवटच्या दिवशी मालकानं प्रत्येकाला चमच्यांचा एकेक डबा दिला. काय करू त्याचं? घरात खाणारं तोंड एक. डबा आईच्या फोटोपुढं ठेवून दिलाय.

मग रोजगार कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईनं वय विचारलं. अठ्ठावन्न म्हटल्यावर तिनं तीन कागद पुढं सरकवले. रखवालदारी, सफाई, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांची शुश्रूषा. शुश्रूषेचा वर्ग सहा महिन्यांचा, सरकारी, शेजारच्या सान्जोला. मी तिसऱ्या कागदावर खूण केली. का केली ते विचारू नकोस. सफाईचा वर्ग भरला होता, असं समज.

आई गेल्यावर तू घर सोडलंस, तुझा पत्ता माझ्याकडे नाही. सुमीमावशीकडे आहे, पण ती देत नाही. फोनवर म्हणाली, "पाकीट माझ्याकडं धाडा भाऊजी, मी पुढं टाकीन. वाचायचं की चुलीत घालायचं ते तिचं ती बघेल." वर्गाचं कळल्यावर तर तिची जीभ अशी सुटली की काय सांगू. "वा भाऊजी! पोरीचं कॉलेज सुटलं आणि बाप दप्तर घेऊन निघाला! बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. तुम्ही तर आता झोपा कसा करायचा ते शिकायला चाललात!"

मी ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात?

वर्गात आम्ही चौदा जण. शिकवणाऱ्या इगाराशी बाई चाळिशीच्या, बारीक, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्यासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घरी कुणाचं आजारपण काढलंय? हात वर करा." नऊ हात वर गेले. माझा खाली.

चहाच्या सुट्टीत शेजारचा कुवाबारा म्हणाला, "काका, काकू काय करतात?" हा पूर्वी पाचिंकोच्या जुगारखान्यात मॅनेजर होता, त्याला कुणाशीही बोलता येतं.

"वारली. चार वर्षं झाली."

"एकाएकी?"

"नाही. तीन वर्षं अंथरुणाला होती. डावी बाजू गेली होती."

"मग हात का नाही वर केला?"

"सगळं मुलीनं केलं."

"नर्स आहे का?"

"नाही. सेंदाईला विद्यापीठात होती, दगडांचा अभ्यास करायची. दुसऱ्या वर्षाला सोडलं."

पुढं त्यानं विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

ज्या कागदावरून तू माझ्याशी कामाशिवाय बोलणं टाकलंस, त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही. मी नुसता शिक्का मारला होता, पाठवला तू होतास, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तुझे दगड खिडकीत आहेत तसेच आहेत.

बाबा


त्सुबामे, ५ ऑक्टोबर

चिनात्सु,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो. पण वर्गात रोज काहीतरी लिहून घेतात, त्यामुळे हाताला सवय लागलीये.

माझ्या बोटांचं तुला माहीत आहे. घासायच्या चाकावर इतकी वर्षं गेली की टोकांना आता काही कळत नाही. आंघोळ घालायचा धडा होता. बाई म्हणाल्या, पाण्यात हात घालून सांगा कसं आहे. मी घातला आणि म्हटलं, ठीक आहे. त्यांनी थर्मामीटर बुडवला. अठ्ठेचाळीस!

"सासागेसान, आपल्याला माणूस न्हाऊ घालायचाय. बटाटे नाही उकडायचे!"

वर्ग हसला. मीही हसलो. आता मी कोपर बुडवून बघतो. कोपराला अजून कळतं.

दुसऱ्या दिवशी कपडे घालायचा धडा. बाईंनी फळ्यावर लिहिलं, घालताना लुळी बाजू आधी, काढताना चांगली बाजू आधी. सगळ्यांनी उतरवून घेतलं. माझी पेन्सिल तिथंच थांबली. आईच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, आतल्या बाजूला, तुझ्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे. 'घालताना डावी आधी. काढताना उजवी आधी.' तो मी सात वर्षं बघतोय. मला वाटायचं तो कपाटाच्या सरकत्या दारांबद्दल आहे. आई गेल्यावर एकदा दारं धुवायला काढली, तेव्हा उजवं आधी काढलं आणि बसवताना डावं आधी बसवलं. बसलीही छान. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे.

हे तुला कोणी शिकवलं होतं? कोणी नाहीच ना. आम्हाला पुस्तक आहे, बाई आहेत, आपापसात करून बघायला मिळतं. तू विशीतली पोर, एकटी, आईच्या अंगावर करून करून शिकलीस. मी शेजारच्या खोलीत बेसबॉल बघत असायचो.

मग भरवायचा धडा. चमचे वाटले तर मागच्या बाजूला आमच्याच कारखान्याचं चिन्ह. कुवाबारा ओरडला, "काका, तुमची मुलंबाळं आली!" मी त्याच्यापुढं उभा राहून चहाची जेली भरवायला लागलो. बाई मागून आल्या.

"खाली बसा. उभं राहून काय भरवता, गुरांना वैरण टाकताय का? आणि चमचा वरून का येतोय? वरून आला की मान वर जाते, मान वर गेली की घास चुकीच्या नळीत जातो. खालून आणा. त्यांना तो दिसला पाहिजे."

चौतीस वर्षं चमचा हातात धरला, पण तो तोंडाकडे कसा न्यायचा ते आत्ता कळलं. मला वाईट वाटलं का, असं विचारशील तर नक्की सांगता येत नाही. जेवायला बसल्यावर बराच वेळ जेवलो नाही, एवढं खरं.

रोजगार कचेरीच्या हजेरीच्या कागदावर दर महिन्याला सहीच्या जागी नावाचा शिक्का लागतो. तो काढायला चहाच्या कपाटाचा खण उघडला, तर तळाशी तुझ्या विद्यापीठाचं पाकीट सापडलं. माझ्या नावचं, तीन वर्षांपूर्वीचं, न फोडलेलं. शिक्का घेतला आणि खण लावून टाकला.

बाबा


त्सुबामे, ११ नोव्हेंबर

चिनात्सु,

मावशीचा फोन आला होता. तुला दोन्ही पत्रं पोचलीत म्हणाली. "वाचली का?" विचारलं तर म्हणाली, "मी काय तिच्या उशाशी बसलेय का भाऊजी?" तू कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात मासळीबाजारात काम करतेस, एवढं मात्र तिच्या तोंडून निसटलं. लगेच जीभ चावली तिनं.

ते पाकीट अजून फोडलेलं नाही.

आम्हाला घरचा अभ्यास होता. लिहू की नको, दिवसभर विचार केला. बाईंनी प्रत्येकाला एकेक मोठ्या माणसाचं डायपर दिलं. घरी घालायचं, आडवं व्हायचं, त्यातच लघवी करायची आणि अर्धा तास तसंच पडून राहायचं. मग काय वाटलं ते लिहून आणायचं. कुवाबारा म्हणाला, "बाई, माझ्यानं नाही व्हायचं, माझी बायको मला घराबाहेर काढेल." बाई म्हणाल्या, "मग बाहेर करा. पण करा."

काल रविवार होता. दुपारी दोनला मी आईच्या जागेवर अंथरूण घातलं आणि आडवा झालो. सातूचा थंड चहा तीन पेले प्यायलो होतो. होईना. पोट दुखायला लागलं तरी होईना. लहानपणी घातलेलं कुलूप ते, सहजी कसं उघडेल! छताकडं बघत पडलो. त्या जागेवरून छताच्या तिसऱ्या फळीवर एक काळी गाठ दिसते. आईनं ती तीन वर्षं बघितली असेल. मला आजवर दिसली नव्हती.

पाच वाजता गावाच्या भोंग्यावर संध्याकाळचं गाणं लागलं आणि तेव्हा झालं. आधी ऊब लागली. चार-पाच मिनिटांत गार पडलं. मग जड झालं. घरात कोणी नव्हतं, तरी दाराशी सायकल थांबली तेव्हा मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. शेजारच्या बाई आळीचे कागद द्यायला आल्या होत्या, नेहमीसारखे पायरीवर ठेवून गेल्या. मला लाज वाटली. इतकी लाज मला कारखान्यात चूक झाल्यावर कधी वाटली नाही.

अर्धा तास पुरा केला. बाईंना लिहून दिलं, 'आधी गरम, नंतर गार.' त्यांनी वाचून माझ्याकडं बघितलं. "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

एवढंच नव्हतं. पण ते बाईंना सांगून काय उपयोग. एक रविवार तुला आठवत असेल. दात फार दुखत होता म्हणून तू दुपारी सुट्टीच्या दिवशीच्या दवाखान्यात गेली होतीस. जाताना म्हणालीस, "बाबा, तीनला बदला. सगळं उशाशी काढून ठेवलंय." त्या दिवसाबद्दल मला लिहायचंय. आज नाही जमत.

बाबा


त्सुबामे, १४ डिसेंबर

चिनात्सु,

बर्फ लागलाय. ऋतूची ओळ झाली.

पाकीट फोडलं. तुझ्या विभागाच्या सरांचं पत्र आहे. तुझा फोन लागत नाही म्हणून जामीनदाराला, म्हणजे मला, लिहिलंय. आपणहून नाव काढलेल्या विद्यार्थ्याला सात वर्षांच्या आत परत प्रवेश मागता येतो. पास झालेले विषय धरले जातात. सर लिहितात की मुलीनं जरूर यावं, तिची जागा मोकळी वाटते. मी सेंदाईला फोन करून विचारलं. तुझी सात वर्षं येत्या मार्चमध्ये संपतात. अर्ज ३१ जानेवारीपर्यंत पोचला पाहिजे, त्यानंतर कधीच नाही. दीड महिना उरलाय. सरांचं पत्र आणि कोरा अर्ज याच पाकिटात घातलाय. तीन वर्षं माझ्या खणात पडून होतं ते. कचेरीतून काहीही आलं की खणात टाकायचं, ही माझी सवय.

आता त्या कागदाबद्दल लिहितो. आई पडली त्याला महिना झाला होता. तू चहाच्या टेबलावर दोन कागद ठेवलेस. एक दोन वर्षांच्या रजेचा, एक नाव काढून टाकायचा. म्हणालीस, "बाबा, दोन्ही वाचा. मला ठरवता येत नाहीये. उद्या बोलू."

आळीचे कागद येतात ना घरोघरी फिरत, कचऱ्याचे वार, देवळाची वर्गणी. आपण काय करतो? आपल्या नावापुढं शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायचे. मी कधी एक ओळ वाचली नाही. कोणीच वाचत नाही. तुझे दोन्ही कागद मी तसेच समजलो. सकाळची पाळी होती. दोन्हीकडं माझी जागा शोधली, दोन्हीवर शिक्का मारला आणि कामावर गेलो. आलो तर टेबल रिकामं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, पोरीनं स्वतः ठरवलं. आज बाईंच्या वर्गात बसलो असताना मला ते नीट दिसलं. तू उठलीस, दोन्हीवर शिक्का बघितलास. म्हणजे बापाला कुठलंही चालतंय. मग रजा कशाला ठेवायची, कुणासाठी? तू दुसरा पाठवलास. ठरवलं मीच होतं, न वाचता.

सफाईच्या वर्गात जागा होती. सहा जागा होत्या.

अर्ज करशील की नाही ते मी विचारत नाही. पण कागद तुझ्यापर्यंत पोचायला हवा. मावशीला सांगितलंय, हे पाकीट साधं टाकू नकोस, सहीचं टपाल कर. ती म्हणाली, "आता घाई! सात वर्षं झोपला होतात का?" मी म्हटलं, हो.

बाबा


त्सुबामे, १० जानेवारी

चिनात्सु,

एकवीस दिवस उरले. रोज संध्याकाळी टपालाची पेटी बघतो. मावशी म्हणते सही झाली, पाकीट तुझ्या हातात पडलं.

प्रत्यक्ष कामाचा पंधरवडा चालू आहे. एका वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर असतो. माझ्याकडं होशिनो आजी, एक्याण्णव वर्षांच्या. बोलत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यात वेळ लिहायची. पहिल्या दिवशी तोंडच उघडेनात. मी खाली बसलो, चमचा खालून आणला, त्यांना दिसेल असा धरला आणि थांबलो. बऱ्याच वेळानं उघडलं. अर्धी वाटी पेज गेली. त्या दिवशी मी जेवायच्या सुट्टीत डुकराच्या चरबीचं रामेन मागवलं आणि सगळं खाल्लं.

काल चूक झाली. आजींची कूस दोनला बदलायची होती. मी स्वयंपाकघरात गेलो, तर धुतलेल्या चमच्यांवर पाण्याचे डाग राहिले होते. फडकं घेतलं आणि पुसत बसलो. हात आपोआप चालले. वर आलो तेव्हा दोन पन्नास. आजी तशाच, तक्त्यातला चौकोन कोरा. कोणी बघितलं नव्हतं. मी कूस बदलली आणि पेन्सिल हातात घेतली. हात 'दोन' लिहायला निघाला होता.

त्या रविवारचं आता लिहितो.

तीनला मी आईपाशी गेलो होतो. आई म्हणाली, "राहू द्या, चिना येईल, ती करेल." तिला माझ्याकडून नको होतं, की माझं तोंड बघून ती तसं म्हणाली, हे मला माहीत नाही. मला सुटल्यासारखं झालं एवढं माहीत आहे. 'बरं' म्हटलं आणि बाहेर आलो. तू सहाला येणार होतीस. तुझी वही उशाशी होती. त्यात मी लिहिलं, 'तीन वाजता बदललं.' तू रागावशील म्हणून लिहिलं. आई तिथं गारठत पडली होती आणि मी तिच्या डोळ्यांदेखत खोटं लिहिलं. ती बघत होती. त्याच आठवड्यात तिच्या पाठीला पहिली जखम झाली. तू कारण शोधत राहिलीस, साबण बदललास, चादरी बदलल्यास. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

काल तक्त्यात मी लिहिलं, 'दोन पन्नास. उशिरा. चमचे पुसत होतो.' मजल्यावरच्या प्रमुख बाईंनी मला सगळ्यांसमोर असं झापलं की कुवाबाराला माझी दया आली. संध्याकाळी इगाराशी बाईंना कळलं. म्हणाल्या, "ओरडा खाल्लात? छान झालं. न केलेलं केलं म्हणून लिहिणारे मला रग्गड भेटतात, सासागेसान. तुम्ही निदान उशीर झाला असं लिहिलंत." त्यांना वाटतं मी प्रामाणिक माणूस आहे.

तू आता हे पत्र फाडलंस तरी चालेल. अर्ज तेवढा फाडू नकोस.

बाबा


साकाइमिनातो, १९ जानेवारी

बाबा,

सगळी पत्रं वाचली. मावशीला विचारत बसू नका, तिला मीच सांगितलं होतं काही बोलू नकोस म्हणून. तेवढंही तिला जमलं नाही.

तीन वाजता बदललं हे खोटं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी डायपरची चिकटपट्टी तिरकी लावायची, आईच्या पोटाला कडा लागू नये म्हणून. ती तिरकीच होती. तुम्ही बदललं असतं तर सरळ लावली असती, तुम्ही सगळं सरळ लावता. आईला विचारलं. म्हणाली, "जाऊ दे, त्यांना नाही जमायचं." मीही जाऊ दिलं. भांडायला मला वेळ नव्हता. चादरी बदलत होते ते हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

माफ केलं वगैरे लिहिणार नाही. मला ते माहीत नाही.

दारांबद्दल वाचून मात्र हसू आलं. दुकानात मासे कापताना आठवलं आणि एकटीच हसले. शेजारची म्हणाली, काय गं, वेड लागलं का?

आता कामाचं. सोबत दोन कागद आहेत. एक सेंदाईचा, मी भरलाय. दुसरा इथल्या बाजाराच्या ऑफिसचा. मला कायम करतायत. दोन्हीवर जामीनदार म्हणून वडिलांचं नाव आणि शिक्का लागतो. सेंदाईला मावशीचंही चालेल, ऑफिसला नाही, आणि मला तिचं नाव लावायचं नाहीये. दोन्हींची मुदत ३१.

मी सत्तावीस वर्षांची आहे. तिथं वर्गात वीस वर्षांची पोरं असतील. इथं पहाटे तीनला बोटी लागतात आणि मला माझं काम येतं. मला ठरवता येत नाहीये.

दोन्ही वाचा. मग बोलू. मागच्या वेळीही एवढंच म्हटलं होतं.

पत्ता पाकिटामागे आहे.

चिनात्सु


त्सुबामे, २२ जानेवारी

चिनात्सु,

पत्र काल दुपारी आलं. हे आज जलद टपालानं टाकतोय, म्हणजे माझ्याआधी पोचेल.

दोन्ही कागद वाचले. काल एकदा, आज सकाळी वर्गात जाताना एकदा आणि जेवायच्या सुट्टीत एकदा. कुवाबारा म्हणाला, "काका, चार पानं वाचायला दोन दिवस? परीक्षेत काय होणार तुमचं!" मी म्हटलं, गप बस, मध्ये बोललास की ओळ चुकते.

सेंदाईच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात नऊ कलमं आहेत. तिसऱ्यात लिहिलंय की तीन वर्षांत पुरं करावं लागेल. सहाव्यात लिहिलंय की दर उन्हाळ्यात दहा दिवस डोंगरात राहायचं, त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. तुझ्या हस्ताक्षरात 'परत यायचं कारण' असा चौकोन आहे आणि त्यात तू लिहिलंयस, 'दगड अजून ओळखता येतात की नाही ते बघायचं आहे.' ते मी तीनपेक्षा जास्त वेळा वाचलं. बाजाराच्या कागदात लिहिलंय की पाच वर्षं सलग काम केल्यावर तुला दुकानाची मुख्य करतील. तेही वाईट नाही. तुझ्यासारख्या माणसाला ते पाच वर्षं लावणार नाहीत.

शिक्का मारायच्या दोन्ही जागा मला माहीत आहेत. शिक्का काढून टेबलावर ठेवला होता, शाईची डबी उघडली होती. मग बंद केली. तू म्हणालीस वाचा, मग बोलू. वाचून झालं. बोलणं राहिलंय.

इगाराशी बाईंकडं शनिवारची रजा मागितली. सरावाची परीक्षा आहे त्या दिवशी, गुण जातात. बाई म्हणाल्या, "कारण?" मी म्हटलं, "मुलीशी बोलायचंय." "फोन नाही का?" "आहे. सात वर्षं होता." त्यांनी कागदावर शिक्का मारला. मारण्याआधी दोनदा वाचला तो, मी बघत होतो.

मला भीती वाटते. काय बोलायचं ते तयार नाही. मला काय वाटतं ते तू विचारलंस तर सांगीन, नाही विचारलंस तर ऐकून घेईन. ऐकताना मध्ये बोलायचं नाही आणि उभं राहायचं नाही, खाली बसायचं, एवढं आता मला येतं.

तीनदा गाडी बदलावी लागते. शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास पोचतो. स्टेशनवर यायची गरज नाही, मी विचारत येईन. झोपलेली असलीस तर बाहेर थांबेन, तुझी पहाटेची पाळी असते.

दोन्ही कागद आणतोय. शिक्का खिशात आहे. कुठंही मारलेला नाही.

बाबा